पीआरएफ घातलं की सायनसमध्ये 'आपोआप' हाड येतं? फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

वरच्या दाढांच्या जागी इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचा, दाताला आधार देणारा स्क्रू) बसवायचं ठरलं की कोल्हापुरातल्या रुग्णाच्या फोनवर हल्ली एक मेसेज आधीच येऊन पडलेला असतो. मजकूर थोडक्यात असा:

"सायनस लिफ्टसाठी आता हाड कापावं लागत नाही. आपल्याच रक्तापासून केलेलं पीआरएफ आत घातलं की सायनसमध्ये आपोआप नवीन हाड तयार होतं. चिरफाड नाही, टाके नाहीत, बोन पावडर नाही. ती पावडर गाईच्या हाडांची असते आणि डॉक्टर ते लपवतात. बाजूने खिडकी पाडायची जुनी पद्धत फक्त पैशासाठी चालू ठेवली आहे. नवीन पद्धत कुणालाही चालते, धोका शून्य, त्याच दिवशी दात."

यातलं एकही वाक्य पूर्ण हवेतलं नाही, म्हणूनच ते पटतं. प्रत्येकात खऱ्याचा एक तुकडा आहे आणि त्याच्या पुढचं-मागचं कापून टाकलेलं आहे. ते कापलेलं इथे परत जोडायचं आहे.

आधी जागा समजून घेऊ. वरच्या दाढांच्या मुळांवर, गालाच्या हाडाच्या आत, हवेने भरलेली पोकळी असते, ती मॅक्सिलरी सायनस. मोठ्या माणसात तिचं आकारमान साधारण १२ ते १५ मिली. आतून तिला एक ओलसर पडदा असतो. निरोगी असेल तर जाडी एक मिलिमीटरच्या आतबाहेर, अंड्याच्या कवचाखालच्या पापुद्र्याची आठवण व्हावी इतका नाजूक. दाढ काढली की दोन गोष्टी घडतात. खालून जबड्याची कड झिजते आणि वरून सायनस खाली उतरतो. काही वर्षांनी मधे ३-४ मिलिमीटर हाड उरतं, आणि नेहमीचं इम्प्लांट असतं ८ ते १० मिलिमीटरचं. तेव्हा पडदा वर सरकवून त्याच्याखाली हाडासाठी जागा करायची, याला सायनस लिफ्ट म्हणतात. ते जे मधे उरलेलं हाड आहे त्याची मिलिमीटरमधली उंची हा या सगळ्या प्रकरणातला पहिला आकडा. मेसेजमध्ये नेमका तोच नाही.

"हाड कापावं लागत नाही"

पडद्यापर्यंत पोचायचं तर हाडातूनच जावं लागतं. प्रश्न फक्त कुठून जायचं आणि भोक केवढं, एवढाच असतो.

एक वाट बाजूची. गालाच्या आतून हिरडी उचलून सायनसच्या भिंतीत खिडकी करायची. बॉइन आणि जेम्स यांनी १९८० मध्ये ती प्रसिद्ध केली. दुसरी वाट खालची, म्हणजे इम्प्लांटसाठी जे भोक करायचंच आहे त्यातूनच वर जायचं. सुमर्स यांनी १९९४ मध्ये ऑस्टिओटोमची पद्धत मांडली, तिथून ही वाट रुळली. 'कमी चिरफाडीची' म्हणतात ती हीच.

खालच्या वाटेवर काम असं चालतं. ड्रिल सायनसच्या तळाच्या १ मिलिमीटर अलीकडे थांबवायचं. राहिलेला पातळ तळ चार प्रकारे वर ढकलता येतो. ऑस्टिओटोम नावाच्या गोल छिन्नीवर हातोडीचे हलके ठोके देऊन तळ मोडायचा. तळ सुटला की ठोक्याचा आवाज बदलतो आणि हातालाही कळतं. किंवा उलटा फिरणारा खास बर, म्हणजे ड्रिलचं टोक, वापरायचा. मिनिटाला ८०० ते १५०० फेरे, सोबत भरपूर सलाईन. हा बर हाड खरवडून बाहेर टाकत नाही, ते कडेला आणि वर दाबत जातो, म्हणून मऊ, जाळीदार हाडात तो चांगला चालतो. तिसरा प्रकार पाण्याच्या दाबाचा: भोक घट्ट बंद करून सलाईन हळूहळू आत सोडायचं, पडदा सगळीकडून सारखा उचलला जातो. यात एक सोपी चाचणी आपोआप मिळते. अर्धा मिली सोडलं आणि मागे ओढताना अर्धा मिली परत आलं तर पडदा बहुधा शाबूत. कमी आलं तर कुठेतरी गळतंय असं धरून थांबायचं. चौथा प्रकार फुग्याचा, छोटा फुगा पडद्याखाली नेऊन मोजून फुगवायचा.

चारही प्रकारांना मर्यादा एकच आहे. भरवशाने ३-४ मिलिमीटर उचल मिळते. त्यापुढे प्रत्येक मिलिमीटरला पडदा ताणला जातो, आणि एवढ्याशा भोकातून तो दिसत नाही. ज्या वाटेवर चिरफाड कमी, तिथे डोळ्यांनाही कमी दिसतं. हा व्यवहार रुग्णाला आधी सांगितला पाहिजे.

"रक्तातून आपोआप हाड तयार होतं"

मेसेजचा जीव या वाक्यात आहे, म्हणून इथे जरा जास्त थांबू.

पीआरएफ म्हणजे प्लेटलेट रिच फायब्रिन. फ्रान्समध्ये शुक्रून यांनी २००१ मध्ये ते मांडलं. हाताच्या शिरेतून ९-१० मिलीच्या चार ते आठ नळ्या रक्त घेतात. नळीत रक्त न गोठण्याचं औषध नसतं. त्यामुळे वेळ महत्त्वाचा: पहिल्या नळीपासून एक-दोन मिनिटांत यंत्र फिरायला हवं, नाहीतर रक्त नळीतच गोठतं आणि थर नीट वेगळे होत नाहीत. समोरासमोरच्या नळ्या सारख्या भरलेल्या हव्यात. मूळ पद्धतीत मिनिटाला २७०० फेरे, १२ मिनिटं. नंतरच्या पद्धतींत वेग कमी केला गेला. फिरून झाल्यावर तळाशी लाल पेशी, वर पिवळसर पाणी आणि मधे फिकट, लवचिक गोळा. तो गोळा काढून खालचा लाल भाग थोडाच ठेवून कापायचा आणि डबीत हलका दाबून पातळ चकती करायची.

जाता जाता एक तपशील. 'आमच्याकडे २७०० वर करतात' या वाक्याला एकट्याने अर्थ नाही. नळीवर पडणारा जोर फेऱ्यांवर आणि यंत्राच्या त्रिज्येवर ठरतो. त्रिज्या ८ सेंटिमीटर असेल तर २७०० फेऱ्यांना जोर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण ६५० पट होतो. ११ सेंटिमीटर असेल तर जवळजवळ ९०० पट. दोन दवाखान्यांत आकडा तोच असूनही गोळा वेगळा निघतो, त्याचं एक कारण हे.

या गोळ्यात काय असतं? फायब्रिनची जाळी, तिच्यात अडकलेल्या प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी, आणि त्यांच्यातून आठवडा-दीड आठवडा हळूहळू सुटणारे वाढीचे घटक. यांनी हिरडी लवकर भरते, नव्या रक्तवाहिन्यांना चालना मिळते, सूज आणि दुखणं कमी राहायला मदत होते. या गोष्टींसाठी पीआरएफ वापरण्याजोगं आहे आणि आम्ही त्याच्या विरोधात नाही.

पण हाड बनवणाऱ्या पेशी त्या गोळ्यातून येत नाहीत. त्या येतात सायनसच्या तळातून आणि भिंतींतून. त्या आत सरकून हाड घालेपर्यंत काही महिने जातात, आणि तेवढा काळ जागा मोकळी राहायला हवी. इथे गाडी अडते. पीआरएफ मऊ आहे, दोनेक आठवड्यांत विरघळतं. सायनसमध्ये प्रत्येक श्वासाला हवेचा दाब वर-खाली होतो आणि उचललेला पडदा परत खाली बसायला बघतो. खाली आधार नसेल तर तो बसतोच. तंबूचा खांब काढून कापड वर राहत नाही.

मग केवळ पीआरएफ किंवा नुसत्या रक्ताच्या गुठळीवर यश मिळाल्याचे जे अहवाल दाखवले जातात, ते खोटे का? नाहीत. लुंडग्रेन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की पडदा उचलून, इम्प्लांट त्याच वेळी बसवून, आत काहीही न भरता नुसती गुठळी राहू दिली तरी हाड येतं. त्यात खांबाचं काम इम्प्लांटने केलं. पीआरएफ एकटं वापरलेल्या कामांतही तेच, इम्प्लांट त्याच बैठकीत आत होतं. म्हणजे अट दिसते: इम्प्लांट घट्ट धरेल इतकं हाड आधीच असायला हवं, आणि मिळणारी उंची इम्प्लांटच्या टोकाच्या आसपासच थांबते, कधी टोकाच्या खालीही राहते. ६ मिलिमीटर हाड आहे, २ मिलिमीटर उचलायचंय, अशा रुग्णात रवे (म्हणजे मेसेजमधली बोन पावडर) न घालता काम होऊ शकतं. २ मिलिमीटर हाड आणि रिकामी पोकळी असताना आत पीआरएफ सोडून सहा महिन्यांनी हाडाची वाट बघणं म्हणजे रुग्णाचे सहा महिने घालवणं.

रव्यांमध्ये पीआरएफ मिसळलं तर? रवे एकत्र चिकटतात, हाताळायला सोपे जातात, भोकातून सांडत नाहीत. हा फायदा खरा आहे. मात्र रव्यांसोबत पीआरएफ घातल्याने इम्प्लांट जास्त टिकतात, असं आतापर्यंतच्या तुलनांमधून ठामपणे दिसलेलं नाही.

हाड बनवण्याची आज्ञाच देणारं प्रथिन हवं असेल तर ते वेगळं, बीएमपी-२. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सायनस लिफ्टसाठी ते २००७ मध्ये मंजूर केलं. ते महाग आहे, सूज भरपूर आणतं, आणि रक्तातून काढलेल्या पीआरएफशी त्याची गल्लत करू नये. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा तीच केली आहे.

"टाके नाहीत"

खालच्या वाटेने, हिरडीला पुरेशी रुंदी आणि घट्टपणा असेल तर गोल छेदातून बिनटाक्याचं काम होतं. हिरडी पातळ असेल, कडेचं हाड अरुंद असेल, तर उघडून बघणंच शहाणपणाचं. दोन-तीन टाक्यांवरून पद्धत निवडू नये.

"बोन पावडर गाईच्या हाडांची असते आणि लपवतात"

पहिला अर्धा भाग बऱ्याच वेळा खरा आहे. जगभर सर्वांत जास्त वापरले जाणारे रवे गाईच्या हाडापासून केलेले असतात. सगळा सेंद्रिय भाग काढून टाकून उरलेला खनिज सांगाडा म्हणजे ती पावडर. ती फार हळू झिजते, वर्षानुवर्षं उंची टिकवून ठेवते, म्हणूनच सायनससाठी तिला पसंती असते. पण तो एकच पर्याय नाही. डुकराच्या हाडाचे रवे असतात, मानवी दात्याच्या हाडाचे असतात, रुग्णाचं स्वतःचं हाड खरवडून घेता येतं, आणि पूर्णपणे कारखान्यात बनवलेले बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचे किंवा हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचे रवेही मिळतात. बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट लवकर विरघळतं, त्यामुळे कधी उंची थोडी घटते. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट जास्त टिकतं. दोन्हींचं मिश्रणही वापरतात.

खिडकीवर किंवा फाटलेल्या पडद्यावर जो कोलॅजनचा पडदा ठेवतात, तोही सहसा गाईचा किंवा डुकराचा असतो. पावडरची चौकशी करणारा माणूस हे विचारायचं विसरतो.

कोल्हापूर-सांगली-इचलकरंजी पट्ट्यात जैन आणि लिंगायत कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत, मुस्लिम रुग्ण आहेत, आणि कट्टर शाकाहारी तर प्रत्येक गल्लीत आहेत. त्यामुळे इथे हा प्रश्न रुग्णाने विचारायची वाट बघू नये. संमतीपत्रावर सही घेण्याआधी, मराठीत, सरळ शब्दांत सांगावं: "काकू, ही पावडर गाईच्या हाडापासून केलेली आहे. चालत नसेल तर कृत्रिम आहे, तिच्यात फरक असा असा पडतो." प्रत्येक डबीवर एक स्टिकर असतो, नाव आणि बॅच नंबरचा. तो रुग्णाच्या फाइलमध्ये चिकटवलेला हवा, आणि रुग्णाने त्याचा फोटो मागितला तर द्यायला हवा. कुणी हे सांगत नसेल तर मेसेजमधली तक्रार त्या जागी रास्त आहे. पद्धतीवरचा तो आक्षेप मात्र होत नाही.

"खिडकीची पद्धत पैशासाठी चालू ठेवली आहे"

साधी बेरीज-वजाबाकी करून बघू.

उरलेलं हाड ७ मिलिमीटर. इथे ६ मिलिमीटरचं आखूड इम्प्लांट बसवता येतं. सायनसला हात लावायचीच गरज नाही. दाढांच्या भागात पुरेशी रुंदी असेल तर हा पर्याय आधी बोलायला हवा. दुर्दैवाने तो मेसेजमध्येही नाही आणि बऱ्याच कोटेशनमध्येही नाही.

उरलेलं हाड ५-६ मिलिमीटर, इम्प्लांट ८ मिलिमीटरचं. उचल हवी २-३ मिलिमीटर. खालची वाट, त्याच बैठकीत इम्प्लांट. रवे घातलेच तर पाव ते अर्धा सीसी पुरतात. इथे कुणी मोठी खिडकी सुचवली तर 'का?' हा प्रश्न जरूर विचारावा.

उरलेलं हाड ३ मिलिमीटर, इम्प्लांट १० मिलिमीटरचं. उचल हवी ७-८ मिलिमीटर. खालून, न बघता, एवढी उचल करणं म्हणजे पडद्यावर जुगार. शिवाय ३ मिलिमीटर हाडात इम्प्लांट नीट धरत नाही. ते ढिलं राहून सायनसमध्येच निसटण्याचे प्रसंग होतात, आणि मग ते काढायला वेगळी शस्त्रक्रिया. इथे खिडकीच योग्य. सलग दोन दाढांसाठी रवे साधारण दोन-तीन सीसी, आणि हाड फारच कमी असेल तर आधी ग्राफ्ट (म्हणजे नुसते रवे भरणं), सहा-आठ महिन्यांनी इम्प्लांट.

खिडकीही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. पिएझो यंत्राची टोकं श्राव्यातीत (अल्ट्रासॉनिक) कंपनाने हाड कापतात आणि मऊ पडद्याला लागली तरी सहसा फाडत नाहीत. वेग कमी असतो, पण त्याच्या बदल्यात पुढे पुष्कळ त्रास वाचतो. सीबीसीटीवर (जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनवर) आखणी केली तर खिडकी सहा-आठ मिलिमीटरची पुरते. तिची खालची कड सायनसच्या तळाच्या दोन-तीन मिलिमीटर वर ठेवायची. तळाच्या बरोबरीने कापली तर पडदा सुटायला लागतो तिथेच फाटतो. फार वर नेली तर अवजाराला तळापर्यंत पोचायला वाकडं वळावं लागतं.

हाडाची उंची सोडून आणखी दोन गोष्टी वाट ठरवतात. एक, पोकळीची रुंदी. गालाकडची आणि टाळूकडची भिंत १२ मिलिमीटरच्या आत असेल तर दोन्हीकडून हाड येऊन लवकर भेटतं. १५ च्या पुढे असेल तर मधला भाग उशिरा भरतो, थांबायचा काळ वाढवावा लागतो. दोन, पोकळीतल्या हाडाच्या आडव्या भिंती, म्हणजे कंगोरे. अंडरवुड यांनी १९१० मध्येच त्यांचं वर्णन केलं होतं. साधारण दर तीन सायनसमागे एकात ते सापडतात. त्यांच्या टोकावर पडदा घट्ट चिकटलेला असतो, आणि नेमक्या त्याच जागी खालून ढकलला तर फाटतो.

हे सगळं साध्या ओपीजी (पूर्ण जबड्याच्या सपाट) एक्स-रेवर कळत नाही. सीबीसीटी हवा, आणि तोही फक्त दाढेपुरता कापलेला नको. सायनसचं नाकात उघडणारं तोंड आतल्या भिंतीवर बरंच वर असतं, तिथपर्यंत चित्र दिसायला हवं. हे तोंड बंद असेल तर वरची कुठलीच वाट घ्यायची नाही.

"कुणालाही चालते"

नाही चालत. चालू सर्दीत, तापात, गालावर दाब असताना तर नाहीच. पडदा बराच जाड झालेला, पोकळी अर्धी भरलेली, तोंड बंद, नाकात पॉलिप, बुरशीचा गोळा: यातलं काहीही स्कॅनमध्ये दिसलं तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. शेजारच्या दाढेच्या मुळाशी पू असेल तर सायनस त्यामुळेच सुजलेला असू शकतो. आधी त्या दाढेचं रूट कॅनल किंवा ती काढणं, मग वाट बघणं. तळाशी घुमटासारखी छोटी गाठ दिसली तर घाबरायचं कारण नाही. बऱ्याचदा ती निरुपद्रवी असते, पण तिचा निर्णयही बघूनच.

रक्तातली साखर ताब्यात नसेल तर आधी ती. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं सलाईन किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन घेतलेल्या बायकांनी ते न विसरता सांगावं, वर्षातून एकदा किंवा दोनदाच घेतलेलं असतं म्हणून ते औषधांच्या यादीत येतच नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. वॉरफरिनवर असलेल्या रुग्णाचा पीआरएफचा गोळा मात्र नीट बनत नाही, हे धरून चालावं. आणि २०२१ मध्ये कोरोनानंतर म्युकरमायकोसिस होऊन ज्यांच्या वरच्या जबड्यावर किंवा सायनसवर शस्त्रक्रिया झाली, त्यांच्यासाठी हा सगळा मेसेज गैरलागू आहे. त्यांचा विचार वेगळ्या टीमने, वेगळ्या पद्धतीने करायचा असतो.

तंबाखूबद्दल वेगळं सांगायला हवं. सिगारेटबद्दल सगळे विचारतात, मिश्रीबद्दल कुणी विचारत नाही. निपाणी-कागल भागातल्या आजींना मिश्री हे व्यसन वाटतच नाही, त्यामुळे त्या सांगत नाहीत. जखमेवर मिश्री घासली गेली तर टाके सुटतात आणि रवे उघडे पडतात. तपकीर तर थेट शिंका आणते. दोन्ही आधी दोन आठवडे आणि नंतर निदान दोन महिने बंद.

"धोका शून्य"

सर्वांत जास्त होणारी गोष्ट म्हणजे पडदा फाटणं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या आढाव्यांत खिडकीच्या पद्धतीत हे प्रमाण साधारण २० टक्के होतं आणि खालच्या वाटेने ४ टक्क्यांच्या आसपास. हे आकडे मेसेजच्या बाजूने दिसतात, पण नीट वाचायला हवेत. खिडकीत फाटलेलं दिसतं, म्हणून मोजलं जातं. खालून फाटलेलं अनेकदा दिसतच नाही. शिवाय खालची वाट मुळात जास्त हाड असलेल्या, सोप्या रुग्णांसाठी निवडली जाते.

खिडकीत चीर ५ मिलिमीटरच्या आत असेल तर पडदा अजून सोडवला की तो स्वतःवरच घडी होऊन बसतो, वर कोलॅजन किंवा पीआरएफची चकती ठेवतात. त्याहून मोठी असेल तर मोठा कोलॅजनचा पडदा लागतो. १० मिलिमीटरच्या पुढे गेली तर रवे न घालता बंद करून काही महिन्यांनी परत जाणं हेच बरोबर, आणि असं परत पाठवणारा डॉक्टर चुकलेला नसतो. खालच्या वाटेने फाटलं तर दुरुस्तीला जागाच नसते. शंका आली तर रवे ढकलायचे नाहीत. एक्स-रेवर रव्यांचा नीट घुमट दिसला तर ठीक. चांदण्यांसारखे विखुरलेले दिसले तर ते पोकळीत सांडले आहेत. नाक धरून हळूच फुंकायला लावून बुडबुडे बघण्याची जुनी रीत फारशी भरवशाची नाही. बुडबुडा नाही आला म्हणून पडदा शाबूत असं होत नाही, आणि जोरात फुंकलं तर छोटी चीर मोठी होते.

खिडकीच्या भिंतीत एक रक्तवाहिनी आडवी जाते, सहसा जबड्याच्या कडेपासून १५ मिलिमीटरच्या वर. ती स्कॅनवर आधी शोधून ठेवायची. हातोडीच्या पद्धतीत आणखी एक त्रास: मान मागे टाकलेली असताना ठोके बसून कानातले सूक्ष्म खडे जागचे हलतात आणि रुग्णाला कुशीवर वळलं की घर फिरतं. हा चक्कर येण्याचा प्रकार मानेच्या ठराविक हालचालींनी, एप्लीच्या पद्धतीने, बरा होतो. पण आधी सांगितलेलं नसेल तर माणूस अर्ध्या रात्री मेंदूचा झटका समजून धावतो. साठीच्या पुढच्या रुग्णात हातोडीपेक्षा बर किंवा पाण्याचा दाब बरा.

'रक्त आपलंच' म्हणूनही धोका जात नाही. नळी लॅबमधल्या तपासणीची, निर्जंतुक नसलेली किंवा जांभळ्या झाकणाची, म्हणजे रक्त न गोठण्याचं औषध असलेली वापरली तर एकतर जंतू जातात किंवा गोळाच बनत नाही. शरीरात घालायच्या कामासाठी बनवलेल्या नळ्या वेगळ्या मिळतात.

आणि घरी गेल्यावरचे दोन आठवडे. चांगलं केलेलं काम बिघडतं ते बहुधा इथे. नाक शिंकरायचं नाही, आलंच तर पुसायचं. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, नाक दाबून धरायची नाही. स्ट्रॉने पिणं नाही, चूळ जोरात फेकणं नाही. कपालभाती, भस्त्रिका आणि जलनेती बंद. सकाळच्या योगवर्गाला जाणाऱ्यांना हे नाव घेऊन सांगावं लागतं, 'व्यायाम करू नका' म्हटलं तर त्यांना प्राणायाम त्यात येत नाही असं वाटतं. तालमीत जाणाऱ्या पोरांनी जोर-बैठका आणि वजनं थांबवायची, श्वास रोखून ताकद लावली की सायनसमध्ये दाब चढतो. शंख, तुतारी, सनई वाजवणाऱ्यांनी तर महिनाभर थांबावं. पोहताना सूर मारणं नाही. विमानप्रवास दोन आठवडे टाळावा. कोकणातून येणाऱ्यांनी पहिले दोन-तीन दिवस इथेच राहिलेलं बरं, कारण आंबा घाट उतरताना कान दडतात, तोच दाबाचा फरक सायनसलाही लागतो. पहिल्या दिवशी गरम तांबडा-पांढरा रस्सा नको, कोमट मऊ भात खावा.

दोन-तीन दिवस गालाला सूज आणि नाकातून रक्ताची एखादी छटा येणं अपेक्षित आहे. घोळणा फुटल्यासारखं रक्त थांबेना, नाकातून रवे आले, एकाच बाजूच्या नाकपुडीतून घाण वास येऊ लागला, किंवा आठवड्यानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, तर त्याच दिवशी दाखवायचं. मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक आणून चार दिवस घालवले की जंतुसंसर्ग रव्यांमध्ये मुरतो, आणि मग सगळं काढून धुवावं लागतं.

"त्याच दिवशी दात"

वरच्या दाढांच्या जागचं हाड तोंडातलं सर्वांत मऊ. इम्प्लांट बसवताना ३५ न्यूटन-सेंटिमीटरच्या आसपास घट्टपणा मिळाला तर पुढच्या दातांत कधी लगेच तात्पुरता दात देता येतो. इथे ५ मिलिमीटर मऊ हाड, वर नुकताच उचललेला पडदा, आणि ज्वारीची भाकरी चावणारी दाढ. त्या दिवशी इम्प्लांटवर टोपी (दाताची कॅप) चढवली तर प्रत्येक घासाला इम्प्लांट सूक्ष्म हलतं आणि भोवती हाडाऐवजी तंतू तयार होतात. खालच्या वाटेने केलं असेल तर चार ते सहा महिने, खिडकीने ग्राफ्ट करून केलं असेल तर सहा ते नऊ महिने थांबायचं. मधल्या काळात त्या जागी काही न घालता दुसऱ्या बाजूच्या दाढांनी चावायचं, आणि टोपी बसवण्याआधी एक्स-रे काढून इम्प्लांटच्या टोकाशी हाड आलंय का ते बघायचं.